मानाचे दहा बोल्ट

इंजिन खोलून परत जोडलं की एखादा बोल्ट नाहीतर वॉशर हातात उरतोच, असं लोक म्हणतात. आमच्या गॅरेजात वॉशर कधी उरला नाही, पण दर इंजिनामागं एक किस्सा हमखास उरतो. परवा माहेरी गेले होते. बहिणी म्हणाल्या, "शुभे, तुमी गॅरेजात दिवसभर करता तरी काय?" सांगायला बसले, तर दोनदा चहा झाला, चकल्यांचा डबा रिकामा झाला आणि मी अजून निम्म्यातच!

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ व्हायला नको.

कुंडलच्या बाहेर पलूस रोडला आमचं गॅरेज आहे. चालवतात माझे सासरे. मिलिटरीच्या वर्कशॉपात अख्खी नोकरी इंजिनं जोडण्यात घालवून सुभेदार म्हणून रिटायर झाले. नवराही फौजेत, त्यामुळं तो वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो आणि 'घरी काय चाललंय' असं विचारून परत जातो. मी सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. लग्न होऊन आले, महिनाभर भाकऱ्या केल्या. त्या खाऊन सासरेच म्हणाले, "पोरी, तू गॅरेजातच ये."

आमच्याकडं सून सासऱ्याला 'मामा' म्हणते आणि सासूला 'आत्या'. हे नीट लक्षात ठेवा. पुढचा निम्मा गोंधळ ह्या दोन शब्दांनी केलाय.

मामांचा जीव एकाच कामात. क्रँकशाफ्टचे मेन बेअरिंगचे बोल्ट आवळणं! इंजिनाच्या पोटात क्रँक असतो, तो पाच ठिकाणी बेअरिंगवर बसतो, प्रत्येक बेअरिंगवर एक कॅप आणि दर कॅपला दोन बोल्ट. झाले दहा. ते आवळायला टॉर्कचा पाना लागतो. जेवढं आवळायचं तेवढं झालं की पाना 'टक्' करतो. टक् झालं की थांबायचं. सैल राहिला तर इंजिन खडखडतं, जास्त आवळला तर क्रँक जाम नाहीतर बोल्ट खलास.

मामा सगळ्यांसमोर सांगायचे, "ज्या दिशी ही टक् मला ऐकू येणार न्हाई, त्या दिशी पाना खाली ठिवला आन घरी बसलो. शब्द हाय फौजीचा."

हा शब्द ऐकून गॅरेजात सगळे माना डोलवायचे. घरात मात्र आत्यांच्या छातीत धस्स व्हायचं. का, ते येईलच पुढं.

* * *

मला पहिल्यांदा बोल्ट आवळायला दिले, तेव्हा मी डिप्लोमावाली! पुस्तकातलं घडाघडा सांगितलं, मधल्या कॅपपासून सुरू करून दोन्ही बाजूंना जायचं, एकदम न आवळता तीन फेऱ्यांत आवळायचं, दर फेरीनंतर क्रँक हातानं फिरवून बघायचा.

मामा म्हणाले, "समदं बरोबर. आता नावं सांग."

"कसली नावं?"

"बोल्टांची! लग्नात पयला मान कुणाचा?"

"मामाचा."

"मंग मधल्या कॅपचे दोन, मामा आन मामी. दोन नंबरच्या कॅपला आत्या आन आतोबा. चार नंबरला चुलता-चुलती. एक नंबरला व्याही आन विहीण. आन पाच नंबरला लेक-जावई, एकदम शेवटी. कडंच्याला आदी मानाची टोपी घातलीस तर मधला रुसतोय, आन कॅप वाकडी बसती."

मी म्हटलं, "आवं पण मामा, जावयाला शेवटी?"

"त्यो पयला घेतला तरी रुसतोय आन शेवटी घेतला तरी रुसतोय. मंग शेवटीच घेतलेला बरा!"

आज इतकी वर्षं झाली, मी एकदाही क्रम चुकले नाही. डिप्लोमाला हा धडा असता तर फर्स्ट क्लास मिळाला असता.

* * *

आमच्यात दर फेरी झाली की मोठ्यानं रिपोर्ट द्यायची पद्धत. पलटणीसारखी! एकदा कंप्रेसर चालू होता, म्हणून मी अजून मोठ्यानं ओरडून रिपोर्ट दिला.

"मामा टाईट झाला! मामी बी झाली! आत्या अजून लूज हाय, तिला आता आवळते! जावयाचं काय खरं न्हाई, त्याला शेवटी बघू!"

माझ्या ॲप्रनच्या खिशातला मोबाईल कसा कोण जाणे, आपोआप उचलला गेला होता. आणि पलीकडं माझे वडील होते. कोयनानगरहून.

आबांनी अख्खी नोकरी कोयनानगरच्या वसाहतीत काढली. भूकंपाचे धक्के बसायचे तेव्हा माणसं बाहेर पळायची आणि आबा म्हणायचे, "चहा तर पिऊ दे." असा माणूस दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून, कराडला बस बदलून, सकाळी सकाळी आमच्या दारात हजर! हातात माझे कपडे भरून न्यायला रिकामी पिशवी.

मामा गळाभेटीला पुढं झाले. आबांनी मिठी मारली ती सोडेचनात. मला वाटलं केवढं हे प्रेम! मग दिसलं, आबा मामांच्या तोंडाजवळ नाक नेऊन हळूच वास घेत होते. बिचारे मामा! उभ्या नोकरीत रमचा कोटा कधी ओठाला लावला नाही, दुसऱ्यांना वाटला.

आबांनी मला चुलीमागं नेलं. "पोरी, खरं सांग. सासरा पितो ते एक वेळ समजलं. पन तू सासऱ्याला एकेरीत बोलतीस? आन सासूला आवळतीस?"

मला हसावं का रडावं कळेना. त्यांना तसंच गॅरेजात ओढून नेलं, ब्लॉक दाखवला, दहाही बोल्टांची ओळख करून दिली. आबा हळूहळू निवळले. हसले. चहा घेतला. मग कपातनं मान वर काढून त्यांनी विचारलं, "ह्यात व्याही कुठला?"

"हा, एक नंबरचा."

"कितवा आवळता?"

"जावयाच्या आदी. चौथी जोडी."

आबांनी कप खाली ठेवला. "म्हंजी चुलत्याच्या मागनं?"

आणि रुसले! दुपारच्या जेवणालाही बसेनात. शेवटी मामांनी दोन नंबरच्या कॅपवरनं आत्या-आतोबा पुसलं, खडूनं 'व्याही-विहीण' लिहिलं, तेव्हा कुठं आबांनी भाकरी मोडली. एक नंबरला मग आत्या-आतोबा गेले. त्यावर घरातल्या आत्या म्हणाल्या, "बरं झालं. न्हाईतरी ह्या घरात मला कवा दोन नंबरचा मान हुता?"

* * *

मामांचा दुसरा कायदा. पाना बोल्टावर चढला की कुणी बोलायचं नाही. "पाना बोलत असतोय तवा मान्सानं गप बसायचं." कुणी बोललाच, तर दहाच्या दहा बोल्ट सोडायचे आणि परत मामापासून सुरू!

हे मामांचे कान शाबूत होते तेव्हाचं आहे. माधवनगरचे एक गिऱ्हाईक होते, शांतिनाथशेठ. नाव शांतिनाथ, पण जन्म गेला पॉवरलूमच्या खडखडाटात, त्यामुळं शेठनी कानात सांगितलं तरी चौकात ऐकू जायचं. आपल्या गाडीचं इंजिन डोळ्यांसमोर जोडून घ्यायचं म्हणून खुर्ची टाकून बसले.

सातवा बोल्ट चालू असताना शेठ म्हणाले, "सुभेदार, च्या सांगू का?"

सोडले दहा.

दुसऱ्यांदा नवव्या बोल्टापर्यंत आलो. शेठना शिंक आली. सगळे मामांच्या तोंडाकडं बघायला लागलो. मामांनी विचार केला, म्हणाले, "शिंक चालंल."

शेठ म्हणाले, "मग बरं झालं!"

सोडले दहा.

तिसऱ्यांदा शेठनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चेहरा टोमॅटोसारखा लाल. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला, घरून. एकदा, दोनदा, पाचदा. शेठ घामानं भिजले, पण हूं नाही की चूं नाही. दहावी टक् झाली आणि त्यांनी फोन उचलला.

त्यांच्या मंडळींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "कुठं होता? मेलात का काय?"

शेठ म्हणाले, "अगं, गॅरेजात हाय. हितं बोलायला बंदी हाय. अर्धा तास गप बसलोय."

मग बाई म्हणाल्या, "तुमी? अर्धा तास? पत्ता सांगा त्या गॅरेजचा. दर महिन्याला गाडी सोडत जावा तिथं!"

* * *

मग दोनेक वर्षांपूर्वी एका दुपारी जावई तुटला.

म्हणजे पाच नंबरच्या कॅपचा बोल्ट. मी शेजारीच उभी होते. पाना 'टक्' म्हणाला. मामा थांबले नाहीत. मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी अजून ओढला आणि 'कट्!' जावयाचं मुंडकं पान्यात, धड ब्लॉकमध्ये.

मामा त्या मुंडक्याकडं बघत राहिले. म्हणाले, "बोल्टच जुना हुता."

तो बोल्ट मी सकाळीच नव्या पाकिटातून काढला होता. पण मी म्हटलं, "व्हय मामा, जुनाच दिसतोय."

सांगलीच्या डॉक्टरांनी कान तपासले, मशीन लावा म्हणाले. मामा म्हणाले, "मशिनी दुरुस्त करायला मी बसलोय, मला कशाला मशीन?" आणि घरी आल्यावर टीव्हीचा आवाज इतका वाढवला की शेजारचे लोक बातम्या ऐकायला आपापल्या अंगणात बसायला लागले.

त्या संध्याकाळी आत्यांनी माझे हात धरले. "शुभे, तुला आठवतंय न्हवं, ह्यांचं मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यावर तीन आठवडे घरी हुतं?"

आठवत नाही कसं! तीन आठवड्यांत मामांनी घरातली एकूण एक वस्तू आवळली होती. कुकरची दांडी. पलंगाचे पाय. न्हाणीघरातला नळ असा आवळला की तो उघडायला पलूसहून प्लंबर आणावा लागला, आणि त्यानं तो उघडला नाही, कापला! लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी तीन फेऱ्यांत बसवलं. ती बरणी आजही फळीवर आहे, कुणालाही उघडता आलेली नाही. पाहुणे आले की त्यांना ताकद दाखवायला देतो आम्ही.

आत्या म्हणाल्या, "त्यांचा शब्द तुला ठावं हाय. टक् ऐकू येत न्हाई म्हणून कळलं, की पाना ठिवून घरी बसतील. आन घरी बसलं तर मी कुटं जाऊ? काय बी कर पोरी, पन ह्यांच्या हातातला पाना सुटू देऊ नको!"

हसत हसत म्हणाल्या खऱ्या, पण डोळे भरले होते. पान्याबिगर मामा कसे दिसतील, ते आम्हा दोघींनाही बघायचं नव्हतं.

* * *

उपाय काढला बिरूअण्णांनी.

बिरूअण्णा आमचे जुने मेकॅनिक, आटपाडीकडचे. लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. कान असा की मैलावरच्या मेंढीच्या गळ्यातली घंटा ऐकून कुणाच्या मेंढरांचं खांड आहे ते सांगणार. आणि जीभ अशी की टाळूला लावून 'टक्' केलं तर ओढ्याच्या पलीकडचं मेंढरू मान वर करणार.

"वैनी, काळजी सोडा," बिरूअण्णा म्हणाले. "पाना हळू बोलला की मी मोठ्यानं बोलतो."

ठरलं! मामा पाना ओढायचे, पाना बारीक टक् करायचा, आणि मागं उभे राहून बिरूअण्णा ओठ न हलवता दणदणीत 'टक्!' मामा लगेच थांबायचे. खूश व्हायचे. एकदा मला म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? आता तर पयल्यापेक्षा जास्त ऐकू येतंय!"

फक्त एक दिवस घात होता होता राहिला. बिरूअण्णांनी नुकताच तंबाखूचा बार भरला होता आणि मामांनी अचानक पाना उचलला. तोंड भरलेलं असताना टक् निघेना. थुंकायला बाहेर जायला वेळ नाही. मामा पाना ओढायला लागले. बिरूअण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा देवाकडं बघितलं, आणि बार गिळला! टक् केली. दहाच्या दहा केल्या. मग जाऊन बाभळीखाली आडवे झाले ते दुसऱ्या दिवशीच उठले.

तंबाखू सुटली त्यांची. त्यांची बायको अजून मामांना देव मानते.

* * *

हे असंच चाललं असतं. पण एका गिऱ्हाइकानं जाता जाता चेष्टा केली, "सुभेदार, तुमचा पाना टक् म्हणतोय का तुमचा बिरू?"

मामा रात्री जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गाडीचं इंजिन होतं. मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, मला आणि बिरूअण्णांना समोर उभं केलं. "बिरू, तू बाहीर रस्त्याला जाऊन हुबा ऱ्हा. शुभे, तू हितं. आज दहाच्या दहा मी ऐकणार. एक जरी हुकली, तर पाना तुझ्या हातात आन मी घरी."

बिरूअण्णा रस्त्याकडं जाताना मागं वळून वळून बघत होते. आत्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडात धरून.

पहिल्या दोन फेऱ्या हलक्या असतात, त्या निभावल्या. तिसरी सुरू झाली. मामाचा बोल्ट. पाना अगदी बारीक टक् म्हणाला, आणि लगेच रस्त्यावरून, बाभळीखालून, आभाळ फाटेल अशी 'टक्!' आली. इतक्या लांबून त्या माणसानं पाना ऐकला होता! मामा थांबले. मामी. टक्! व्याही. टक्! बिरूअण्णा जीव तोडून टक् करत होते, आणि मी देवाचं नाव घेत एकेक मोजत होते.

पण आम्हाला एक ठाऊक नव्हतं. त्याच वेळी बिरूअण्णांच्या चुलतभावाची मेंढरं कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवायला पलूसकडं निघाली होती. चाळीस-पन्नास डोकी. त्यांनी ओळखीची टक् ऐकली. पुन्हा ऐकली. पुन्हा ऐकली.

नववी टक् झाली आणि अख्खं खांड गॅरेजात शिरलं!

पुढं मेंढा, मागं सगळं लटांबर. ऑईलचा डबा पालथा. एक मेंढी जॅकवर, दोन जीपखाली, एकीनं शाळेच्या गाडीचं गॅस्केट तोंडात धरलेलं. मी मेंढ्याची शिंगं धरून लोंबकळत होते. बिरूअण्णा धावत आत आले, पण करतात काय? तोंडातनं टक् काढली तर बाहेर उरलेलीही आत येणार! दोन्ही हात तोंडावर दाबून तसेच उभे राहिले.

मामांनी मागं वळून बघितलंच नाही. पाना जावयावर चढवला होता. शेवटचा बोल्ट.

"मामा, थांबा!" मी ओरडणार होते, पण कायदा आठवला आणि आवाज घशातच राहिला. मेंढरंही कशी कोण जाणे, एकदम गप्प झाली. सगळ्यांचे डोळे त्या पान्यावर. मामा ओढत होते. हळू. अजून हळू. पाना बोलला, एवढासाच.

मामा थांबले.

तिथंच! केसभर पुढं नाही. पान्यावरचा हात तसाच ठेवून ते उभे राहिले. आत्यांनी तोंडातला पदर सोडला. मी शिंगं सोडली. बिरूअण्णांनी डोळे मिटले. आणि त्या शांततेत, पार मागं, टायरांच्या आडून एक दोन दिवसांचं कोकरू इतक्या बारीक आवाजात म्हणालं, की शेजारी असून मलाही नीट ऐकू आलं नाही.

"ब्यँ."

मामांनी मान वर केली. "कोन बोललं?"

बिरूअण्णा म्हणाले, "आवं सुभेदार, कोकरू हाय ते! दोन दिसाचं!"

"कोकरू असू दे न्हाईतर कलेक्टर," मामा म्हणाले. "सोडा दहाच्या दहा. मामापासनं!"